बिंदूला लांबी नाही, मग रेषाखंडाला लांबी आली कुठून? (सहावीतल्या पोरीचा प्रश्न)

वणाकाठचा_मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात सहावी-सातवीला गणित शिकवतो. मंगळवारी भूमितीचा पहिला धडा सुरू केला: बिंदू, रेषा, रेषाखंड, किरण. खडूने फळ्यावर एक ठिपका काढला आणि म्हटलं, हा बिंदू, याला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही. मग थोड्या अंतरावर दुसरा काढला, मोठी पट्टी लावून दोन्ही जोडले. हा रेषाखंड कख, लांबी ३० सेंटिमीटर.

तिसऱ्या बाकावरच्या पोरीनं हात वर केला. एरवी ती फार बोलत नाही. म्हणाली, "सर, रेषाखंड बिंदूंचाच बनते म्हणता. एका बिंदूची लांबी शून्य. शून्यात शून्य कितीही वेळा मिळवलं तरी शून्यच होते नं? मंग हे तीस सेंटिमीटर कोठून आले?"

तिचं संपत नाही तो मागून एक पोट्टा: "अन् सर, तुमचा ठिपका तं सरकीएवढा हाये. त्याले लांबी नाही कशी म्हणता?"

दोन्ही प्रश्न खरे आहेत. बारा वर्षं शिकवतोय, हा धडा मी दर वर्षी दोन तासांत उरकत आलो, कारण पुढे कोन, त्रिकोण, वर्तुळ अशी रांग उभी असते. पण या पोरीला "मोठेपणी कळेल" म्हणून बसवायला मन धजलं नाही. उद्या सांगतो म्हटलं आहे. शेतीवाड्यातल्या, रोज हाताखालच्या गोष्टींतून समजावता आलं तर फार बरं होईल. इथे शेतकरी आहेत, गवंडी आहेत, गणित शिकलेले आहेत. मदत करा.

धुरकरी

मास्तर, गणित माझं आठवीपर्यंतचं. पण रेषेला जाडी नसते हे मला धुऱ्यानं, म्हणजे वावराच्या बांधानं शिकवलं, ते सांगतो.

आमच्या न् शेजारच्या काकांच्या वावरामधला धुरा माझ्या आजाच्या वेळी चार हात रुंद होता. बैलबंडी जायची त्याच्यावरून. दर साली वखरणीच्या वेळी इकडून बोटभर, तिकडून बोटभर करत मी कळता होईपर्यंत तो हातभर उरला. मग एका साली भांडण पेटलं. धुऱ्यावर एक जुनी बाभूळ आहे, ती कोणाची यावरून. बाबा म्हणत, "धुरा आमचा हाये," काका म्हणत, "आमचा हाये." शेवटी मोजणी मागवली.

मोजणीवाल्यांनी धुऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिल्यांदा विचारलं, हद्दीचे दगड कुठं आहेत? एक दगड रस्त्याच्या कडेला जागेवर होता. दुसरा नाल्याकडचा गायब. ते म्हणाले, एका दगडावरून काहीच ठरत नाही, एका दगडातून वाट्टेल तेवढे धुरे निघतात, याही अंगाला न् त्याही अंगाला. मग तीन गावांच्या शिवा भेटतात तिथल्या दगडापासून मापं काढत काढत त्यांनी नाल्याकडची जागा काढली. तिथं खणलं तर हातभर खाली आमचा दगड उताणा पडलेला. पुरानं गाडला गेला असंल.

मग एका दगडाहून दुसऱ्या दगडावर दोर ताणला. दोर बाभळीच्या बुंध्यातून गेला. म्हणजे बुंध्याला आडवा आला, इकडून-तिकडून दोन दोर लावून पाहावं लागलं. अर्धी बाभूळ आमची, अर्धी काकांची. तेव्हा मोजणीवाले साहेब बाबांना म्हणाले की तुम्ही ज्याच्यासाठी भांडता तो धुरा म्हणजे माती आहे, तो आज हातभर, उद्या वीतभर. हद्द म्हणजे दोन दगडांच्या मधली ती सरळ वाट, तिला रुंदी नसते. रुंदी असती तर ती रुंदी कोणाच्या सातबाऱ्यावर चढवली असती?

हे मला अजून आठवते. बाभूळ उभी आहे. दोन्हीकडचे गडी तिच्याखाली शिदोरी सोडतात.

रज्जू

धुरकरीदादा, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. "एका दगडातून वाट्टेल तेवढे धुरे" आणि "दोन दगडांतून एकच" हे भूमितीचं अगदी पहिलं गृहीतक आहे. युक्लिड या ग्रीक गणितज्ञानं इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास आपल्या ग्रंथात पाच गृहीतकं मांडली, त्यातलं पहिलं हेच: एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत सरळ रेषा काढता येते. ती एकच असते हेही तो धरूनच चालतो.

मास्तर, मी मूळची अकोला जिल्ह्यातली, गणितात एम. एस्सी. केलंय. आधी मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न घेते, कारण त्याचं उत्तर आपल्या भाषेत तयारच आहे. मराठीत ठिपका आणि बिंदू असे दोन शब्द आहेत. रेघ आणि रेषा असेही दोन आहेत. खडूनं काढतो तो ठिपका. तो सरकीएवढा असतो, पुसता येतो, हाताला लागतो. तो ज्या जागेची खूण आहे ती जागा म्हणजे बिंदू. तसंच पट्टीनं ओढतो ती रेघ. रेघेला जाडी असते, भिंग धरलं तर तिचे काठ खडबडीत दिसतात. ती ज्या सरळपणाची खूण आहे ती रेषा. रेघ म्हणजे धुरा, रेषा म्हणजे हद्द. वर्गात फक्त एवढं करून पाहा: फळ्यावर काढताना "ठिपका देतो, रेघ ओढतो" म्हणा, आणि सांगताना "बिंदू, रेषा" म्हणा. मुलं आपोआप दोन्ही वेगळं धरतात. आपण शिकवताना हे शब्द एकमेकांवर ओततो, तिथून घोटाळा सुरू होतो.

पोरीच्या प्रश्नावर सवडीने लिहिते. तो प्रश्न फार खोल आहे, घाईत उत्तर देण्यासारखा नाही.

ओळंबा

मी आर्वीकडचा, मिस्त्रीकाम करतो. दोराबद्दल एक सांगतो. जोत्याला लाइनदोरी बांधतो तेव्हा दोन खुंट्यांमध्ये दोरी कितीही ताणली तरी मधे झोल राहतोच. दहा फुटांत डोळ्याला दिसत नाही, तीस फुटांत दिसतो. म्हणून लांब भिंतीला मधे विटेचा टेकू देतो. जितकी ताणाल तितका झोल कमी, पण आडवी दोरी पूर्ण सरळ कधीच होत नाही, कारण तिला स्वतःचं वजन आहे.

ओळंब्याचं सूत मात्र सरळ राहते, कारण वजन सुताच्याच दिशेने ओढते. पोरांना दोन्ही दाखवा. एका सुताने आडवं ताणा, त्याच सुताला दगड बांधून सोडा. पोरं लगेच फरक पाहतात.

पाटावरचं_पाणी

मास्तर, राग मानू नका. सहावीच्या पोरांपुढे एवढं खोदू नये असं माझं मत आहे. रेषाखंडाला दोन अंत्यबिंदू, किरणाला एक आरंभबिंदू, रेषेला एकही नाही. रेषेला दोन्ही टोकांना बाण, किरणाला एका टोकाला, रेषाखंडाला बाणच नाही. एवढं पक्कं केलं तर परीक्षेत मार्क जात नाहीत. माझ्या पुतण्याला "रेषेची लांबी ७ सेंटिमीटर" लिहिल्याबद्दल मार्क गेले, त्याला रेषा आणि रेषाखंडातला फरकच कोणी सांगितला नव्हता. आधी ते व्हावं.

वणाकाठचा_मास्तर

भाऊ, राग कसला. तुम्ही म्हणता ते झालंच पाहिजे, आणि पुतण्याची चूक माझ्या वर्गातही दर वर्षी होते. पण ती चूक का होते ते मला या धाग्यावरूनच कळायला लागलंय. वहीत पोरगं रेघ ओढतं, रेघ सात सेंटिमीटरच असते, म्हणून ते "रेषा ७ सेंमी" लिहितं. त्याच्या डोळ्यापुढे रेघ आहे, रेषा नाही. बाण पाठ करून घेतले तरी बाण हा त्याला शोभेचा वाटतो. "ही वहीच्या पानापाशी थांबत नाही" हे बाण सांगतोय, हे त्याच्या ध्यानात आलेलं नसतं.

आज रज्जूताईंचं ठिपका-बिंदू वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरचा तो पोट्टा उठून फळ्यापाशी आला, ठिपका पुसला आणि म्हणाला, "ठिपका गेला, बिंदू कोठी गेला सर?" वर्गच म्हणाला, "तिथंच हाये."

सरकी_टोबणारी

मास्तर, तुमच्या गावातल्या बायका नुकत्याच सरकी टोबून मोकळ्या झाल्या असतील. त्यांच्या पोरींना चौफुलीवरून सांगा. आधी उभ्या काकऱ्या पाडतात, मग आडव्या. जिथं उभी आडवीला कापते तिथं फुली. त्या फुलीवर आम्ही दोन-दोन दाणे टोबतो.

आता काकरी चार बोटं रुंद, फुली तळहाताएवढी. पण दाणा तळहातभर पसरून टाकत नाही कोणी. हात आपोआप मधोमध जातो. मुकादम कधी सांगत नाही मधोमध म्हणजे कुठं, तरी शंभर बायका एकाच जागी टोबतात. पऱ्हाटी (कपाशी) वर आली की कोणत्याही अंगानं पाहा, ओळ दिसते. उभी, आडवी, तिरपीसुद्धा. मी लहान होते तेव्हा बंडीवर उभी राहून त्या तिरप्या ओळी पाहत राहायची. त्या कोणी पाडलेल्या नसतात, तरी असतात.

रज्जू

ताई, तुमच्या तिरप्या ओळींवर मी खूप वेळ थांबले. कोणी न पाडलेल्या ओळी! बिंदू ठरले की त्यांतून जाणाऱ्या रेषा ठरल्याच, कोणी रेघ ओढो की न ओढो.

आता मास्तर, त्या पोरीचा प्रश्न.

ती म्हणते शून्यं मिळवून ३० कसे? तिचं बरोबर आहे, शून्यं मिळवून ३० होत नाहीत. चूक आपल्या सांगण्यात आहे. "रेषाखंड बिंदूंचा बनतो" म्हटलं की तिला वाटतं मण्यांची माळ, एकाला लागून दुसरा. पण बिंदूला लागून पुढचा बिंदू नसतोच. कख रेषाखंडावर कोणतेही दोन बिंदू घ्या, कितीही जवळचे, त्यांच्या मधोमध आणखी एक आहे. त्याच्या आणि पहिल्याच्या मधे आणखी एक. संख्यांवरून विचारा: ०.५ च्या लगेच पुढची संख्या कोणती? ०.६ म्हटलं तर मधे ०.५१ आहे, तेही म्हटलं तर ०.५०१ आहे. पुढची अशी नाहीच. मग "एकाला लागून एक" अशी बेरीज सुरूच करता येत नाही.

यापुढचं मुलांच्या हातून करून घेण्याजोगं आहे. फळ्यावर मोठा त्रिकोण काढा, शिखर वर, पाया खाली, पाया ६० सेंटिमीटर. शिखर आणि पाया यांच्या अगदी मधोमध पायाला समांतर रेघ ओढा, ती ३० सेंटिमीटरची येईल. शिखरावर एका पोराला सुताचं टोक धरायला सांगा, दुसऱ्यानं दुसरं टोक पायावर कुठंही ठेवायचं. सूत ताणलं की ते मधल्या रेघेला एका जागी कापतं. खालचं टोक सरकवा, वरची कापण्याची जागाही सरकते. पायावरच्या प्रत्येक बिंदूला मधल्या रेषाखंडावर एकच जोडीदार, आणि उलटही तसंच. कोणी एकटं उरत नाही. म्हणजे ६० सेंटिमीटरवर जितके बिंदू, तितकेच ३० सेंटिमीटरवर. तेव्हा लांबी बिंदूंच्या मोजदादीतून येतच नाही.

मग येते कुठून? दोन जागांच्या मधल्या अंतरातून. एकट्या जागेला अंतर नसतं. "हिंगणघाट किती किलोमीटर?" असं कोणी विचारलं तर आपण लगेच म्हणतो, कुठून? लांबी ही एका बिंदूची नसते, ती दोघांची मिळून असते.

थोडा इतिहास, मास्तरांसाठी. युक्लिडनं "ज्याला भाग नाही तो बिंदू", "रुंदी नसलेली लांबी म्हणजे रेषा" आणि "रेषेची टोकं म्हणजे बिंदू" अशा व्याख्या दिल्या. त्याची सरळ रेषा बहुतेक वेळा आपल्या रेषाखंडासारखीच, टोकं असलेली, आणि ती हवी तितकी वाढवता येते हे त्याचं दुसरं गृहीतक. पुढे १८९९ साली जर्मनीत हिल्बर्ट या गणितज्ञानं बिंदू, रेषा, प्रतल यांची व्याख्याच केली नाही. ती काय आहेत यापेक्षा त्यांचं एकमेकांशी नातं कसं, एवढंच त्यानं नेमकं सांगितलं. म्हणून पुस्तकात "बिंदूची व्याख्या करता येत नाही" असं आलं तर मुलांना ते अपुरं वाटू देऊ नका. आपल्याकडे शुल्बसूत्रांत, म्हणजे जुन्या संस्कृत ग्रंथांत, यज्ञवेदीची सगळी भूमिती दोरानं आणि खुंट्यांनी केलेली आहे. दोर म्हणजे रज्जू, माझं इथलं नाव तिथूनच घेतलंय. आणि युक्लिडचा ग्रंथ अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जयपूरच्या सवाई जयसिंहांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या पंडितांनी अरबीवरून संस्कृतात आणला, 'रेखागणित' या नावानं.

मोजमाप

मोजणीत आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. मास्तर हिंगणघाटचे म्हणून मुद्दाम लिहितो.

तुमच्या गावाजवळ, हिंगणघाटला, विल्यम लॅम्बटन यांचा मृत्यू झाला, जानेवारी १८२३ मध्ये, नागपूरच्या वाटेवर असताना. त्यांची कबर तिथंच आहे. ज्या सर्वेक्षणातून पुढे हिमालयाची शिखरं मोजली गेली ते त्यांनी सुरू केलं, आणि ते सुरू झालं एका रेषाखंडापासून. १८०२ साली मद्रासजवळ त्यांनी सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजली, शंभर फुटी पोलादी साखळीनं. साडेसात मैल म्हणजे ३९,६०० फूट, म्हणजे साखळी जवळजवळ ४०० वेळा मांडायची. साखळी जमिनीवर लोळू नये म्हणून लाकडी पेट्यांत ठेवायची, उन्हानं पोलाद वाढतं म्हणून वर तंबू धरायचे. ओळंबाभाऊंनी दोरीच्या झोलाचं सांगितलं, साखळीचं तेच दुखणं, त्यात उन्हाची भर.

एवढा खटाटोप का? कारण तो एक रेषाखंड नेमका मोजला की पुढे फक्त कोन मोजायचे, त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू हिशेबानं निघतात. एका त्रिकोणाची बाजू पुढच्याचा पाया होते. असे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत ते मद्रासहून आपल्या वऱ्हाडापर्यंत आले.

वर्गासाठी एक प्रयोग. तीन काठ्या घ्या. दोन रोवा. तिसरा पोरगा काठी घेऊन पुढे जाईल, तुम्ही पहिल्या काठीमागे एक डोळा मिटून उभे राहा. पहिल्या काठीनं दुसरी झाकली आणि तिसरीही झाकली की तिन्ही एकरेषीय. आम्ही मैलभर ओळ अशीच सरळ ठेवायचो. नजरेला झोल नसतो.

पाटावरचं_पाणी

साहेब, नागपूरचा झिरो माईलचा दगड यातलाच ना? तो भारताचा मध्यबिंदू म्हणतात.

मोजमाप

त्याच सर्वेक्षणाच्या कामातला, हो. मध्यबिंदू म्हणून त्याची ओळख झाली आहे. पण दगडावर १९०७ साल आणि प्रमाण तलचिन्ह असल्याचं कोरलेलं आहे, म्हणजे उंची मोजण्यासाठीची ती पक्की खूण. रज्जूताईंच्या भाषेत तो दगड म्हणजे ठिपका.

आणि एकर-गुंठ्याबद्दल कोणी विचारण्याआधी: गुंठ्याची बाजू ३३ फूट. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, असे ४० गुंठे म्हणजे एकर. पोरांना मैदानावर ३३-३३ फुटांवर चौरसात चार खुंट्या रोवून त्यांच्याभोवती दोर फिरवून दाखवा. घरात रोज ऐकलेला शब्द पायाखाली दिसला की त्यांना फार आनंद होतो.

रज्जू

मास्तर, पोरांसाठी एक कोडं. १० रोपं अशी लावायची की ५ ओळी होतील आणि प्रत्येक ओळीत ४ रोपं येतील. वेगवेगळ्या लावल्या तर ५ ओळींना २० रोपं लागतात, आपल्याकडे १०च आहेत.

सरकी_टोबणारी

प्रत्येक रोप फुलीवर लावायचं. एक रोप दोन ओळींत मोजलं जाईल.

रज्जू

ताई, अगदी तेच! पाच रेषा अशा घ्या की कोणत्याही दोन समांतर नाहीत आणि कोणत्याही तीन एका ठिकाणी भेटत नाहीत. प्रत्येक रेषेला उरलेल्या चार रेषा कापतात, म्हणून तिच्यावर ४ फुल्या. पाच चोक वीस, पण प्रत्येक फुली दोनदा मोजली गेली, म्हणून १०.

वणाकाठचा_मास्तर

शनिवारी केलं. शाळेला वृक्षारोपणाची सीताफळाची दहा रोपं आलीच होती. मागच्या मोकळ्या जागेत पोरांनी पाच दोर ताणले, हवे तसे, खुंटी दिसेल तिथं बांधून. मग फुल्या शोधायला लागले. नऊ सापडल्या. दहावी मिळेना.

दोन दोर जवळजवळ समांतर पडले होते. अगदी समांतर नव्हते, कुंपणाकडे थोडे जवळ येत होते, पण कुंपणापाशी संपले तेव्हा त्यांच्यात अजून दीड हात अंतर होतं. पोरं म्हणाली, सर हे भेटत नाहीत. तिसऱ्या बाकावरची ती पोरगी काहीच बोलली नाही. तिनं मोजमाप साहेबांची काठी उचलली, दोन पोरांना दोन्ही दोरांच्या मागे एक डोळा मिटून उभं केलं आणि स्वतः कुंपणाच्या फटीतून पलीकडच्या वावरात गेली. "डावीकडं... अजून डावीकडं... आता मागं..." असं ते दोघं ओरडत होते. एका जागी दोघंही एकदम "झाकली!" म्हणाले. ती नुकत्या उगवलेल्या तुरीच्या दोन ओळींमधे उभी होती, कुंपणापासून बारा-तेरा पावलांवर.

तिथूनच तिनं ओरडून सांगितलं, "सर, रेषाखंड भेटले नाहीत, रेषा भेटल्या!"

वावरवाले काका बांधावरून सगळं पाहत होते. म्हणाले, रोप लावा पण तुरीला हात लावू नका, अन् सीताफळ लागलं तर निम्मं माझं. पण पोरीनंच नको म्हटलं. परत येऊन तिनं त्यातल्या एका दोराची एकच खुंटी उपटली, सहा पावलं बाजूला रोवली, आणि फुली शाळेच्या आवारात आली. बाकीच्या तीन फुल्या त्यामुळे सरकल्या, तिथले खड्डे पुन्हा खणावे लागले. खणणाऱ्या पोट्ट्यांनी थोडी कुरकुर केली. दुपारी दोनपर्यंत दहाही रोपं लागली. संध्याकाळी पाऊसही आला.